पंचवीस ताटांची रोजनिशी

दहा दिवस आधी

पाच माणसांच्या स्वयंपाकाला पाचने गुणलं की पंचवीस माणसांचा स्वयंपाक होतो, हा हिशेब वाणसामानाच्या यादीपुरता खरा. शेगडी तो मानत नाही, पातेलं मानत नाही आणि फ्रिज तर मुळीच मानत नाही. सणाला सगळं गोत जेवायला येणार असलं की पदार्थ ठरवण्याआधी घर मोजून घ्यावं: शेगड्या किती, मोठी पातेली किती, त्यांना बसणारी झाकणं आहेत का, फ्रिजचे किती कप्पे रिकामे होतील. पदार्थांची नावं त्यानंतर.

माणसांचा आकडाही नीट धरावा. पंचवीसात सात मुलं असली आणि मूल अर्धं धरलं तर जेवणारे साडेएकवीस. तांदूळ माणशी ८० ग्रॅम, म्हणजे पावणेदोन किलो. सोबत पोळी किंवा पाव असेल तर माणशी ५० ग्रॅमवर भागतं. डाळ माणशी ४० ग्रॅम, एकूण ९०० ग्रॅमच्या आत. भाजी एकच असेल तर १२० ग्रॅम, दोन असल्या तर प्रत्येकी ८०. हे वजन निवडून चिरलेल्या भाजीचं, पिशवीतल्या नव्हे. मटाराच्या शेंगा किलोभर आणल्या तर दाणे निम्मेसुद्धा भरत नाहीत, आणि ही चूक जेवणाच्या दिवशी सकाळी शेंगा सोलतानाच उघडकीला येते.

पदार्थ वाढले म्हणून पोट वाढत नाही. सहा पदार्थ आणि सहाही पूर्ण मापाने, असं केलं तर उरणारच.

आठ दिवस आधी

फोन सुरू. "आम्ही काय आणू?" या प्रश्नाला "काहीतरी आणा" हे उत्तर दिलं की चार घरांतून चार गोड पदार्थ येतात. पदार्थाचं नाव आणि माप सांगावं: पंचवीस जणांना पुरेल एवढी चटणी, कापलेली फळं, पाव, बर्फ. आणलं आणि टेबलावर ठेवलं, इतपतच काम बाहेरून मागवावं. "अगं, नुसतं गरम करायचंय" या पदार्थापासून सावध राहावं. तो पदार्थ नेमका वाढायच्या आधीच्या वीस मिनिटांत शेगडी अडवतो, आणि तेव्हाच भात, डाळ आणि रस्सा तिन्ही आचेवर असतात.

याच फोनवर विचारून ठेवायचं: कुणाला कशाची ॲलर्जी आहे, कुणाला मधुमेह आहे, कुणाला गिळायला त्रास होतो. मधुमेहाबद्दल लोक गोडाचं विचारतात. वेळेचं विचारत नाहीत. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी काही औषधं घेणाऱ्यांना जेवण तासभर लांबलं तर साखर एकदम उतरू शकते. आजोबा "माझं काही नाही, सगळ्यांबरोबर बसतो" म्हणणारच. त्यांचं ताट तरीही त्यांच्या नेहमीच्या वेळेला तयार हवं.

दोन दिवस आधी, रात्री

शेगडीचं वेळापत्रक आज कागदावर उतरवायचं, आणि तेही उलट्या क्रमाने: वाढायची वेळ वर, त्याखाली मागे मागे येत.

घरच्या मोठ्या बर्नरची ताकद साधारण तीन किलोवॅट धरली तर त्यातली निम्म्याहून थोडी जास्त उष्णता पातेल्यात जाते, बाकीची बाजूने हवेत. त्या हिशेबाने एक लिटर पाणी तीनेक मिनिटांत उकळतं आणि दहा लिटरला अर्धा तास लागतो. रोज पंचवीस मिनिटांत होणारी डाळ त्या दिवशी सव्वा तास घेते, त्याचं कारण हे. डाळ बिघडलेली नसते, आच कमी पडलेली असते. पाणी वेगळ्या भांड्यात आधी तापवून घेतलं तर बराच वेळ वाचतो.

कांद्याचं दुखणं याच जातीचं. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. दोन किलो कांदा एकदम कढईत लोटला की सुटलेलं पाणी उडायलाच पाऊण तास जातो आणि तोवर तो परतला न जाता शिजतो: पांढरट, गोडसर, रंगाचं नाव नाही. मग रस्स्यालाही चव येत नाही आणि दोष मसाल्याला मिळतो. कांदा पसरट भांड्यात तीन घाण्यांत परतावा, आदल्या दिवशीच, आणि गार करून फ्रिजमध्ये ठेवावा.

आदला दिवस

जे आज शिजवून उद्या वाढायचं त्यात खरी जोखीम आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

दहा लिटरचं गरम पातेलं ओट्यावर झाकून ठेवलं तर सकाळीही त्याचा मधला भाग कोमटच असतो. उकळीने जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली बीजं, तगतात. अन्न कोमट झालं की ते रुजतात. मोठ्या भांड्यातल्या रस्स्यात वाढणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स ४५ अंशांच्या आसपास सगळ्यात वेगाने, दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. भातातला बॅसिलस सिरियस त्याहून वाईट, कारण त्याचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. "आंबलं नाहीये, चांगलं आहे" ही परीक्षा इथे चालत नाही.

मर्यादा पाठ असाव्यात. गरम ठेवायचं ते ६० अंशांच्या वर. गार करायचं तर त्याखाली आल्यावर दोन तासांत २१ अंशांपर्यंत, पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत. हे साधायला रस्सा पसरट थाळ्यांत ५ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचा ओतावा, किंवा पातेलं बर्फाच्या पाण्यात उभं करून ढवळत राहावं. गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये सारलं तर ते गार होत नाहीच, शेजारचं दूधही तापतं. दुसऱ्या दिवशी गरम करताना कडेला बुडबुडे आले म्हणून बंद करू नये. मधोमध ७५ अंश यायला हवेत. अन्नाचा तापमापक स्वयंपाकघरात असला तर अंदाज बांधावा लागत नाही.

भात आदल्या दिवशी करूच नये. तांदूळ धुऊन मोजून ठेवावेत, बस.

त्या दिवशी, सकाळ

मीठ. शिजलेल्या पदार्थाच्या वजनाच्या पाऊण ते एक टक्का, म्हणजे दहा किलो डाळीला ७५ ते १०० ग्रॅम. मुठीने टाकू नये, वजन करावं. तीन चतुर्थांश आधी, उरलेलं शेवटी चाखून. आणि मीठ कुणी घातलं हे एकाच माणसाला माहीत असावं. मोठ्या घरात डाळ खारट होते ती बहुधा आई, काकू आणि आत्या अशा तिघींनी प्रेमाने चिमूट-चिमूट टाकल्यामुळे. खारट झालीच तर बटाटा टाकून भागत नाही. बटाटा मीठ वेचून घेत नाही, खारट पाणी शोषतो इतकंच. अळणी डाळ शिजवून मिसळणे हाच उपाय, म्हणून दोन मुठी डाळ वेगळी भिजत ठेवावी.

तिखट नेहमीच्या प्रमाणाच्या दोन तृतीयांशावर थांबवावं. मुलांचा रस्सा तिखट घालण्याआधीच बाजूला काढायचा. नंतर पाणी घालून तो पातळ होतो, तिखटपणा फारसा उतरत नाही. मिरचीतला झणझणीत अंश पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. दही किंवा साय मदत करते.

भाताचं पाणी: रोज एकाला दोन लागत असेल, तर मोठ्या झाकणबंद पातेल्यात दीडच्या आसपास पुरतं. तांदूळ स्वतःपुरतं पाणी पितो, वरचं पाणी वाफ होऊन जातं, आणि वाफ पातेल्याच्या तोंडाच्या आकारावर ठरते, तांदळाच्या वजनावर नाही. पाचपट पाणी घातलं म्हणून गिच्च भात होतो. शिवाय पावणेदोन किलो तांदूळ एकाच भांड्यात लावला तर वरच्या वजनाने तळाचा चिरडतो. दोन पातेली लावावीत, दुसरं पहिल्यानंतर वीस मिनिटांनी. दुसऱ्या पंगतीलाही गरम मिळतो.

दुधाचं काही आटवत असाल तर तळाला करपलं की खरवडू नका. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि तळ विसरा.

वाढायची वेळ

माणशी ६० सेंटिमीटर जागा. टेबलाची लांबी त्याने भागली की एका वेळी किती बसतील ते कळतं. कमी ऐकू येणाऱ्या मावशींना भिंतीकडे पाठ करून कडेला बसवावं, भांड्यांच्या खणखणाटापासून दूर. श्रवणयंत्र आवाज वाढवतं, पण माणसाचं बोलणं आणि झाऱ्याचा आवाज नीट वेगळे करत नाही. डावखुऱ्याला डाव्या टोकाची जागा. एवढ्याने कोपरांची भांडणं मिटतात.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या ताटात अख्खे शेंगदाणे, बदाम नकोत. द्राक्षं उभी चिरून चार फोडी कराव्यात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटावरसुद्धा नको. ॲलर्जी असलेल्याचा पदार्थ सगळ्यात आधी आणि वेगळ्या पळीने.

पळ्या कमी पडतात. दर वेळी पडतात. जेवढे पदार्थ तेवढ्या पळ्या, वर दोन.

आणखी एक: स्वयंपाक करणाऱ्यांची ताटं पहिल्या पंगतीआधी वाढून झाकून ठेवावीत. "आम्ही मागून बसतो" म्हणणाऱ्यांच्या वाट्याला पातेल्याचा तळ येतो.

रात्री

टेबलावर दोन तासांहून जास्त राहिलेलं डब्यात भरून कुणाला देऊ नये, कितीही जीव तुटला तरी. बाकीचं उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांना रस्सा-भात बांधून देण्याऐवजी कोरडा पदार्थ द्यावा.

पिठाची, दुधाची भांडी आधी गार पाण्यात भिजवावीत. कढत पाण्याने दूध आणि पिठूळ चिकटा अधिक घट्ट धरतो. तेल मोरीत ओतू नये, कागदाने पुसून घ्यावं.

झोपण्याआधी वही उघडायची. किती जण आले, प्रत्येक पदार्थ कच्चा किती घेतला, उरलेला वजन करून किती निघाला, जेवण ठरल्या वेळेपेक्षा किती मिनिटं उशिरा लागलं आणि कोणत्या शेगडीमुळे. हे आजच लिहायचं. उद्या सकाळपर्यंत घरातले सगळे "सगळं अगदी बेताचं झालं" असं म्हणायला लागलेले असतात.