साडेपाचला जिना वाजायचा

बीटल्स ऐकायच्या आमच्या शनिवारच्या बैठकीत आता पाचच माणसं उरलीत. एके काळी नऊ होतो. दोघं मुलांकडे परदेशी गेले. एकाला कानाचं यंत्र लागलं आणि यंत्रातून बीटल्स ऐकण्यापेक्षा न ऐकलेले बरे, असं त्यानं जाहीर केलं. आणि एक भांडून गेला. कशावरून? तर बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' हा अल्बम मोनोत ऐकायचा की स्टिरिओत, यावरून. थट्टा करत नाहीये. अजून रस्त्यात भेटला की मान वळवतो.

बैठक डोंबिवलीत, एका निवृत्त रेल्वेवाल्या मित्राच्या घरी. त्याच्याकडे टर्नटेबल आहे, सुई बदलायला पैसे आहेत आणि हे सगळं चाळीस वर्षं सहन करणारी बायको आहे. नियम एकच : चहा येईपर्यंत वाद घालायचा नाही. तो पाळला गेलेला मला आठवत नाही.

मागच्या शनिवारी तबकडी होती 'लेडी मॅडोना'. म्हणजे लावायची तीच बाजू होती, पण यजमानानं मुद्दाम उलटी लावली. मागच्या बाजूला 'द इनर लाइट' आहे. दोन मिनिटं छत्तीस सेकंदांचं गाणं. सुरुवातीला सरोद आणि शहनाई पखवाजाला घेऊन नुसती उधळतात, आणि मग एकदम सगळं शांत होऊन पेटी-बासरीवर जॉर्ज हॅरिसनचा आवाज येतो, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. पुन्हा उधळण, पुन्हा शांतता. बीटल्सच्या सिंगलवर, म्हणजे दोन बाजूंना दोन गाणी असलेल्या छोट्या तबकडीवर, जॉर्जचं गाणं आलं ते हे पहिलं. तारीख १५ मार्च १९६८. तोवर इतकी वर्षं सगळा कारभार जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनीचा.

गाणं संपायच्या आत आमच्यातला बासरीवाला म्हणाला, "चौरसिया." आणि समोरून उत्तर आलं, "केंकरे."

या गाण्यात बासरी कुणी वाजवली, हा वाद आमच्याकडे गेली सहा वर्षं चालू आहे. थोडं मागे जाऊन सांगतो.

जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज मुंबईत आला होता, तो फिरायला नाही, कामाला. 'वंडरवॉल' नावाच्या एका सिनेमाचं संगीत त्याच्याकडे होतं. लंडनला त्यानं प्रसंग पाहून साध्या स्टॉपवॉचवर वेळा मोजून ठेवल्या होत्या, आणि त्या सेकंदांत बसतील असे तुकडे इथल्या वादकांकडून वाजवून घ्यायचे होते. आलापाला वेळ किती, तर घड्याळात उरला असेल तेवढा! मला त्या वादकांचं खरंच कौतुक वाटतं. जागा होती एचएमव्हीचा स्टुडिओ, फोर्टमध्ये, सर फिरोजशहा मेहता रोडवर, युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंगमध्ये. सिनेमाचं काम करताना तिथंच, १२ जानेवारीला, त्यानं 'इनर लाइट'चा वाद्यमेळही करून घेतला. गायला तो फेब्रुवारीत, लंडनला परत गेल्यावर, ॲबी रोडवर. पट्टी उंच वाटत होती म्हणून गायला घाबरत होता, आणि पॉलनं त्याला धीर दिला, असं त्या वेळी स्टुडिओत असलेल्यांनी सांगून ठेवलंय. दोन दिवसांनी जॉन आणि पॉलनं शेवटाला आपले सूर जोडले आणि त्याच महिन्यात सगळे हृषीकेशला गेले.

तर बासरी. सिंगलवर वादकांची नावं छापलेली नाहीत. त्या सिनेमाच्या एलपीच्या, 'वंडरवॉल म्युझिक'च्या कव्हरवर आहेत, आणि तिथं बासरीपुढे नाव आहे एस. आर. केंकरे. पुस्तकांमध्ये मात्र 'इनर लाइट'च्या बासरीपुढे हरिप्रसाद चौरसियांचं नाव येतं. संतूरवाले शिवकुमार शर्माही त्या दिवसांत त्या स्टुडिओत वाजवून गेले असं सांगतात. बासरीवाला म्हणतो की फुंकच सांगते. केंकरेवाला म्हणतो की फुंक काही सांगत नाही, छापलेलं सांगतं. माझं मत विचाराल तर पाच दिवसांच्या कामात एकाच स्टुडिओत दोन बासरीवाले येऊन जाऊ शकतात, यात भांडण्यासारखं काय आहे? पण मनातून मला केंकरेच हवे आहेत, हे कबूल करतो. कारण संगीताचं नाही. आडनावाचं आहे.

कव्हरवर सूरबहारपुढे नुसतं चंद्रशेखर आहे. ते चंद्रशेखर नारिंग्रेकर. नारिंग्रे आमच्या देवगड तालुक्यात आहे. हे कळलं त्या दिवशी मी आईच्या माहेरी तीन फोन केले. तिन्ही ठिकाणी "बीटल्स म्हणजे कोण?" पासून सुरुवात करावी लागली, आणि एका मामानं सगळं ऐकून घेऊन आंब्याच्या मोहोराचं सांगितलं.

हा आडनावांचा नाद जुना आहे. कॉलेजात असताना एका मित्राच्या घरी 'रिव्हॉल्व्हर'चं कव्हर हातात आलं. इंग्रजी गाणी धड कळत नव्हती, म्हणून मागचा मजकूर वाचत बसलो होतो. 'लव्ह यू टू' या गाण्यासमोर छापलं होतं : अनिल भागवत, तबला. भागवत! आमच्या आळीत दोन भागवत होते, एक किराणावाले आणि एक गणिताचे मास्तर. मी ते नाव चार वेळा वाचलं.

पुढे भागवतांची हकिगत वाचायला मिळाली. लंडनमध्ये एशियन म्युझिक सर्कल नावाची एक संस्था होती, ती चालवणारे अंगडी त्यांना फोन करून म्हणाले, आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का? कुठला जॉर्ज ते सांगितलंच नाही. दाराशी रोल्स रॉइस येऊन उभी राहिली तेव्हा भागवतांच्या डोक्यात प्रकाश पडला. ॲबी रोडला पोचले तर बाहेर पोरींची गर्दी, थर्मास आणि सँडविचं घेऊन मुक्कामाला बसलेली. तारीख ११ एप्रिल १९६६. जॉर्जबरोबर तबला लावून झाला, रविशंकरांच्या धर्तीवर सोळा मात्रांचं काहीतरी वाजवा असं तो म्हणाला, आणि पुढचं त्यांच्यावर सोडलं. कव्हरवर आपलं नाव आलं याचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा? पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर' या अल्बममध्ये 'विदिन यू विदाउट यू' या गाण्याला दिलरुबा वाजवणारे अण्णा जोशी होते, त्यांचं नाव कव्हरवर नाही. कव्हरवर मेरिलिन मन्रोपासून कार्ल मार्क्सपर्यंत सगळी दुनिया उभी केली आणि एका जोशींना ओळभर जागा मिळाली नाही.

'लव्ह यू टू'वर सतार जॉर्जची की दुसऱ्या कुणाची, हा आमच्या बैठकीतला क्रमांक दोनचा वाद. त्यात मी पडत नाही. २०२२ साली 'रिव्हॉल्व्हर'चा मोठा संच आला, त्यात या गाण्याचा पहिला टेक आहे, साध्या गिटारवर. तो ऐकल्यापासून मला सतारीपेक्षा गाण्याचीच चाल जास्त आवडायला लागलीय.

भागवतांची गोष्ट आमच्यात सगळ्यांना पाठ आहे, तरी दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी ती सांगतोच. त्या रोल्स रॉइसचा रंग दर वेळी वेगळा असतो. मध्यंतरी ड्रायव्हरनं टोपी काढून दार उघडल्याचंही त्यात आलं. असं काही झालं की मी टोकतो. मी सरकारी ऑडिटमध्ये तीस वर्षं काढली, व्हाउचर नसलं की मला चैन पडत नाही. त्यामुळे बैठकीत माझं टोपणनाव 'शेरा' आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो मुंबईतला स्टुडिओ.

जॉर्जनं स्वतः नंतर सांगितलंय की मुंबईत फक्त मोनो मशीन होतं, म्हणून एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं मशीन रेल्वेनं आणवलं. हे मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले. (रेल्वेवाल्या यजमानाला या वाक्यात फक्त रेल्वे दिसते. पार्सलची पावती कुणाकडे असेल, यावर तो अर्धा तास बोलू शकतो.) आणि जॉर्ज पुढे म्हणतो की स्टुडिओ ऑफिसांच्या वरच्या मजल्यावर होता, बाहेरचा आवाज अडवण्याची काही सोय नव्हती. एलपी कान देऊन ऐकलीत तर टॅक्स्या जाताना ऐकू येतात. आणि रोज साडेपाचला ऑफिसं सुटली की रेकॉर्डिंग थांबवावं लागायचं, कारण जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांची धाडधाड आत ऐकू यायची.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. कारण माझे बाबा १९६८ साली फिरोजशहा मेहता रोडवर एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात क्लार्क होते.

त्याच इमारतीत नव्हते. हे मी आधीच सांगून टाकतो, आणि बैठकीतही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. रस्ता तोच, इमारत वेगळी. बाबांना विचारलं तर म्हणाले, "अडुसष्ट जानेवारी? म्हणजे कोयनेचा भूकंप झाला त्याच्या नंतरचा महिना. सगळे ऑफिसात तेच बोलत होते, कोण पहाटे कसं जागं झालं ते." बीटल्समधला कुणी तेव्हा रस्त्यावर असल्याचं त्यांना माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. त्याआधी १९६६ मध्ये रविशंकरांकडे सतार शिकायला जॉर्ज आला होता, तेव्हा ताजमध्ये सॅम वेल्स अशा खोट्या नावानं राहिला, मिशी ठेवली, केस कापले, तरी लिफ्टवाल्यानं ओळखलंच आणि खाली गर्दी जमली. अडुसष्टच्या फोर्टमध्ये मात्र तो आपला ऑफिसला यावा तसा येत-जात होता. बारा जानेवारीला शुक्रवार होता. रविवारी संक्रांत. बाबांनी त्या संध्याकाळी व्हीटीला जाताना हलवा आणि तीळ घेतले असणार, कारण ते दर वर्षी क्रॉफर्ड मार्केटमार्गे घ्यायचे.

मला हेच डोळ्यांपुढे येतं. वर आशिष खाँ सरोद लावतायत, महापुरुष मिश्र पखवाजाला कणीक लावतायत, पंचविशीही न गाठलेला तो लिव्हरपूलचा पोरगा हातात स्टॉपवॉच घेऊन उभा आहे. आणि खाली डबे, छत्र्या, पिशव्या घेऊन शेकडो क्लार्क एका वेळी सुटतात आणि सगळे थांबतात. जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडचं काम थांबायचं, कारण लोकल चुकवून चालत नाही.

'वंडरवॉल म्युझिक'मधलं 'इन द पार्क' मी हेडफोन लावून कितीदा ऐकलंय त्याला हिशोब नाही. टॅक्सी सापडली असं दोनदा वाटलं. एकदा ती खरंच आमच्या खालची रिक्षा निघाली.

बाबा आता पंच्याऐंशीचे आहेत. नाट्यसंगीत आणि आकाशवाणीच्या बातम्या, बाकी सगळा त्यांच्या मते गलबला. गेल्या दिवाळीत मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि 'इनर लाइट' लावलं. सुरुवातीची शहनाई ऐकून त्यांची मान जरा हलली. मग जॉर्ज गायला लागला तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हा आजारी आहे का?"

"नाही बाबा, तो असाच गातो."

"शहनाई बरी आहे." थोड्या वेळानं हेडफोन काढून म्हणाले, "संपलं पण?"

मग मी त्यांना ती साडेपाचची गोष्ट सांगितली. टॅक्स्या, जिना, थांबलेलं रेकॉर्डिंग. मला वाटलं हसतील, निदान चार जुनी नावं काढतील. ते एकदम गंभीर झाले.

"साडेपाच कुठले? साडेपाच मस्टरवर. आम्ही पाच-वीसला जिन्यात असायचो. साडेपाचला निघालास तर गाडीत उभं राहायला जागा नाही."

"ते त्यांच्या इमारतीचं सांगतोय बाबा."

"सगळ्या इमारतींचं तेच. त्या गोऱ्याला कुणीतरी हेडक्लार्कनं सांगितलं असणार."

आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मागच्या शनिवारी बैठकीत एक नवा मुलगा आला होता, यजमानाच्या पुतण्याचा मित्र, चोवीस-पंचवीसचा, सगळं फोनवर ऐकणारा. बासरीचा वाद नेहमीसारखा कुठंच न पोचता संपला आणि बटाटेवडे आले. यजमानानं माझ्याकडे बोट दाखवलं आणि त्या मुलाला सांगितलं, "याचे वडील माहितीयत का? जॉर्ज हॅरिसनचं रेकॉर्डिंग रोज बंद पाडायचे. त्याच बिल्डिंगमध्ये होते. जिन्यावरून असे धाडधाड उतरायचे, की वर पखवाज थांबायचा."

मुलाचे डोळे विस्फारले. बाकीचे चौघं माझ्याकडे बघायला लागले. शेरा येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडातला वडा मी सावकाश संपवला.

"पाच-वीसला," मी म्हटलं. "साडेपाचला नाही."