टोकियो, सॅन सेबॅस्टियन, लिमा: उत्तम रेस्टॉरंटांच्या शहरांत

जगातील सर्वोत्तम रेस्टॉरंटे कोणत्या शहरांत आहेत, हे मोजणारा कोण आहे यावर अवलंबून असते. टायर बनवणाऱ्या फ्रेंच मिशेलिन बंधूंनी १९०० साली मोटारचालकांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात १९२६ पासून उत्तम रेस्टॉरंटांना तारे दिले जाऊ लागले आणि त्या ताऱ्यांच्या हिशेबाने आज टोकियो पॅरिसच्याही पुढे आहे. ब्रिटनमध्ये २००२ साली सुरू झालेल्या 'वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट' यादीवर मात्र स्पेन, डेन्मार्क आणि अलीकडे पेरू यांची छाप दिसते. या दोन याद्या हाताशी ठेवून मी प्रवास आखला.

टोकियोला एवढे तारे का मिळाले, हे तेथील एखाद्या काउंटरसमोर बसल्यावर उमगते. जेमतेम आठ-दहा खुर्च्या असतात आणि सुशी करणारा आचारी सहसा तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवलेले मासे-भाज्या, तळण्याच्या भानगडीत पडत नाही. कोमट भाताचा लहानसा गोळा वळून, त्यावर माशाचा काप हलकेच दाबून तो समोर ठेवतो, आणि तो त्याच क्षणी खाल्ला जावा अशी त्याची अपेक्षा असते. पॅरिसविषयी फार लिहीत नाही. जेवण उत्तमच होते, पण वाढप्यांच्या अदबीचेच मला दडपण आले.

खरा मुक्काम रमला तो स्पेनच्या बास्क प्रांतातील सॅन सेबॅस्टियनमध्ये. दोन लाखांहूनही कमी वस्तीच्या या शहरात व परिसरात मिशेलिनचे तीन तारे, म्हणजे सर्वोच्च मान, मिळालेली तीन रेस्टॉरंटे आहेत आणि त्यांपैकी 'अर्झाक'ने तो मान १९८९ पासून टिकवला आहे. तरीही माझ्या मते शहराचे मोठेपण जुन्या पेठेतील बारमध्ये आहे, जिथे लोक उभ्यानेच पिंचो, म्हणजे घासभर आकाराचे चटकदार पदार्थ, खातात. ऑलिव्ह, खारवलेला अँचोव्ही मासा आणि लोणच्यातली हिरवी मिरची एका काडीत ओवलेली 'खिल्दा' तोंडात टाकली की खारट, आंबट आणि तिखट या चवी एकदमच जाणवतात. एका बारमध्ये एकच पदार्थ खाऊन पुढच्या बारकडे वळायचे, हा तेथील रिवाज मला तारांकित भोजनाहून अधिक भावला.

पेरूची राजधानी लिमा हिचा 'फिफ्टी बेस्ट' यादीतला उत्कर्ष अलीकडचा: २०२३ मध्ये 'सेंट्राल' आणि २०२५ मध्ये 'मायदो' पहिल्या क्रमांकावर आले. 'सेंट्राल'चे जेवण समुद्रसपाटीखालपासून अँडीजच्या उंच माथ्यापर्यंतच्या निरनिराळ्या उंचींवर पिकणाऱ्या व सापडणाऱ्या जिनसांनुसार मांडलेले असते. 'मायदो'मागे वेगळा इतिहास आहे: १८९९ पासून मजुरीसाठी आलेल्या जपानी कुटुंबांनी पेरूचे मासे, लिंबू आणि मिरची यांना आपल्या पद्धतीने हाताळले व त्यातून निक्केई पाकशैली घडली. तिचे मूळ समजून घ्यायचे असेल, तर लिंबात मुरवलेल्या कच्च्या माशाचे सेविचे एखाद्या साध्या सेविचेरियात खावे. मात्र तिथे दुपारीच जावे, कारण मासा सकाळचा ताजा हवा असा आग्रह असल्याने यांपैकी कित्येक ठिकाणे संध्याकाळी बंद असतात.