अंडाशयातली घन गाठ

विशीच्या आतबाहेरची मुलगी पोटदुखी घेऊन येते आणि सोनोग्राफीत अंडाशयात मोठी, घन गाठ दिसते, तेव्हा जननपेशींच्या (ज्यांपासून अंडी बनतात त्या पेशींच्या) कर्करोगाची शक्यता मी अहवालात आवर्जून नोंदवते, कारण तो दुर्मीळ असला तरी बहुधा याच वयात आढळतो. एमआरआयमध्ये खंडाखंडांत विभागलेली गाठ आणि कॉन्ट्रास्टनंतर (शिरेतून दिलेल्या, चित्र स्पष्ट करणाऱ्या औषधानंतर) उजळणारे बारीक पडदे दिसले, की डिसजर्मिनोमाची, म्हणजे या कर्करोगाच्या एका प्रकाराची, शंका बळावते. त्यात रक्तातले एलडीएच हे विकर बहुधा वाढलेले असते, तर योक सॅक ट्यूमर या दुसऱ्या प्रकारात एएफपी हे प्रथिन. काही गाठींतून स्रवणाऱ्या बीटा एचसीजी या गरोदरपणातल्या संप्रेरकामुळे कधी गर्भ नसतानाही गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह येते (आणि घरात भलताच गोंधळ उडतो). या तपासण्यांसाठी रक्तनमुने शस्त्रक्रियेपूर्वीच घ्यायला हवेत. गाठ सहसा एकाच बाजूला असल्याने दुसरे अंडाशय व गर्भाशय राखता येते. डिसजर्मिनोमा मात्र काहींमध्ये दोन्हीकडे असतो, म्हणून निरोगी वाटणारे अंडाशय मी दोनदा पाहते.