गाडी शांत चाललीय म्हणे

रविवार, रात्री.

झोप येत नाही. कारण सांगितलं तर घरात कुणालाही क्षुल्लक वाटेल. कुंभार्ली घाट उतरताना धाकट्या पुतण्याने गाडी न्यूट्रलला टाकली आणि मागून वहिनी म्हणाल्या, "आता बघ कशी शांत चाललीय." दादानेही मान डोलावली. मी "गिअर टाक" म्हटलं, त्याने टाकलाही, पण वळण सरल्यावर सहज बोलून गेला, "काका, तुमच्या वेळच्या गाड्या वेगळ्या होत्या." पोफळीला चहा झाला आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र ते 'शांत' काही जात नाही.

उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतं हे खरं आहे. चाळीसच्या वेगाला इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा काटा तीन हजारांच्या आसपास जातो आणि आत बसलेल्यांना वाटतं, गाडीला त्रास होतोय. त्रास कसला? पेट्रोल गाडीची लाल पट्टी सहा हजारांच्या आसपास सुरू होते, म्हणजे इंजिन अजून निम्म्यावर आहे. ॲक्सिलेटरवरून पाय काढलेला असतो, थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, बंद असतो, चाकंच इंजिनाला फिरवत असतात. बंद थ्रॉटलमधून हवा ओढायला पिस्टनला जे बळ लागतं, तेच गाडीला मागे धरून ठेवतं. तो आवाज म्हणजे ब्रेकचं ओझं कुणीतरी वाटून घेतल्याची खूण. न्यूट्रल टाकला की आवाज जातो आणि सगळं ओझं एकट्या ब्रेकवर पडतं. वहिनींना ती शांतता बरी वाटली. मला तिचीच धास्ती वाटते.

हिशोब मांडला की ओझं किती ते दिसतं. पाच माणसं, डिकीतलं सामान धरून गाडी 1300 किलो. घाटात उतरायची उंची 500 मीटर धरू. एवढ्या उताराची ऊर्जा उष्णतेत बदलली तर साध्या तापमानाचं 20 लिटर पाणी उकळीला येईल. थोडा वाटा टायर आणि वारा खातात. बाकीची, गिअर नसेल तर, पुढच्या दोन डिस्क आणि मागच्या दोन ड्रममध्ये जिरवायची. आणि आपली माणसं काय करतात, तर पेडलवर पाय अलगद ठेवून पूर्ण घाट उतरतात. तो अलगद ठेवलेला पाय सगळ्यात वाईट. डिस्कला गार व्हायला क्षणभराचीही उसंत मिळत नाही. त्यापेक्षा वेग 45 वर गेला की ब्रेक नीट दाबून 35 वर आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. पुन्हा चढला की पुन्हा दाबायचा.

तापलेले ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. डिस्कचे पॅड आणि ड्रमचे लायनर जास्त तापले की पकड सोडतात. पेडल पायाला कडकच लागतं, पण गाडी थांबत नाही, आणि जळका वास येतो. दुसरी तऱ्हा ब्रेक ऑइलची. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट 3 प्रतीचं ऑइल 205 अंशांच्या वर उकळतं, पण ओल धरलेलं 140 च्या आसपासही उकळू शकतं. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, पाय दाबला की बुडबुडेच दबतात आणि पेडल तळाला टेकतं. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचंच, डबीत पातळी कितीही बरोबर दिसो. कोकणातल्या पावसात राहणाऱ्या गाडीला तर यात सूट मुळीच देऊ नये. वास आला तर रुंद जागा बघून बाजूला थांबावं, गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा आणि पाऊण तास जाऊ द्यावा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतणारे लोक मी बघतो तेव्हा पोटात कालवतं. डिस्क वाकडी होते, तडकूही शकते.

हे सगळं धाकट्याला सांगायचं होतं. पण "तुमच्या वेळच्या" म्हटल्यावर माणूस गप्पच होतो. आयुष्य स्टिअरिंगमागे गेलं आणि आता आपलं ऐकतात ते वडीलधाऱ्याचं मन राखायला म्हणून. वाईट वाटलं. अजून वाटतंय. आणि दादाने मान डोलवायला नको होती, तो तरी... जाऊ दे.

ड्रायव्हिंग क्लासवाल्यांनीही धाकट्याला काय शिकवलंय, तर थांबायचं म्हटलं की क्लच आणि ब्रेक एकदम. इंजिन बंद पडू नये म्हणून शिकाऊ मुलाला हे सोपं जातं, आणि पुढे जन्मभर पाय तसाच पडतो. क्लच दाबला की इंजिन आणि चाकांचा संबंध तुटला. थांबायच्या ऐन वेळी हाताशी असलेला इंजिनाचा ब्रेक आपणच सोडून दिला. आधी ॲक्सिलेटर सोडायचा. आरशात मागचा बघायचा. मग गाडी गिअरमध्येच ठेवून ब्रेक, सुरुवातीला हलका, मग भरीव. सिग्नलला थांबायचं असेल तर प्रत्येक गिअर पाडत यायची गरज नाही. काटा हजाराच्या जवळ आला, गाडी थरथरू लागेलसं वाटलं, की क्लच. दुसऱ्या गिअरमध्ये तो वेग 10 ते 15 असतो. अगदी शेवटच्या हातभर अंतरात ब्रेकवरचा दाब किंचित कमी केला की मागच्यांच्या माना पुढे जात नाहीत. थांबल्यावर न्यूट्रल, हँडब्रेक, आणि क्लचवरून पाय बाजूला, नाहीतर क्लचचं रिलीज बेअरिंग फुकट झिजतं. एकदम कुणी आडवं आलं तर मात्र ब्रेक पूर्ण ताकदीने, सोबत क्लच, आणि चाकं जाम होऊ न देणारं एबीएस असेल तर पेडल थरथरलं तरी पाय सैल करायचा नाही.

थांबायच्या अंतराचंही तसंच. साठच्या वेगाला सेकंदाला जवळपास 17 मीटर. मेंदूने हुकूम देईतो तेवढे जातात, मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने आणखी 20. ऐंशीला तीच बेरीज 57 च्या आसपास, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. ओल्या रस्त्यावर तर विचारूच नका.

लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली आणि जरा हलकं वाटलं. पोरगा चुकतोय, पण त्याने हे आणलं कुठून? आमच्याकडूनच. ॲम्बेसेडर, पद्मिनीला कार्बोरेटर होता. पाय काढला तरी तो थोडं पेट्रोल ओतत राहायचा, म्हणून उतारावर न्यूट्रल टाकून चार थेंब वाचायचे. दादा त्याच गाड्यांवर शिकला. त्याने मान डोलावली ती त्या दिवसांना. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असेल, पाय वर असेल आणि काटा साधारण दीड हजाराच्या वर असेल, तर कॉम्प्युटर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो; पेट्रोल शून्य. न्यूट्रलला तेच इंजिन चालू राहायला तासाला पाऊण लिटरभर पितं. म्हणजे गाड्या वेगळ्या होत्या हे त्याचं बोलणं अगदी बरोबर आहे. न्यूट्रल ही आमच्या वेळची सवय, आणि दुसरा गिअर त्याच्या गाडीचा नियम. हे त्याला असंच सांगितलं तर पटेल. मन राखायला नाही, पटून.

उतारावर चावी फिरवून इंजिनच बंद करतात त्यांचं काय करावं कळत नाही. कारचा ब्रेक हलका लागतो तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर. इंजिन बंद झाल्यावर पायाच्या दाबाला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतं व्हॅक्यूम उरतं, मग पेडल दगड होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच. ट्रकला तर ब्रेकची हवा इंजिनावरच्या कॉम्प्रेसरने भरते. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने कित्येक गाड्या चेपल्या, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं असं प्राथमिक तपासात निघालं. नवीन कात्रज बोगद्यापासून तिथवर सगळा उतारच आहे, आणि हा उतार डोळ्याला दिसत नाही. घाट निदान वळणांनी सावध करतो.

उद्या धाकट्याला फोन करेन. गणपतीला त्याच रस्त्याने जायचंय, त्याआधी ब्रेक ऑइल बदल, मागचे ड्रम उघडून लायनर बघायला सांग, हँडब्रेक किती दात ओढल्यावर धरतो ते मोज. आणि घाटमाथ्यावर, पहिलं वळण यायच्या आधीच दुसरा टाक. वेग वाढल्यावर गिअर पाडायला जातात, तो दातावर येतो, आत शिरत नाही, आणि गाडी आपोआप न्यूट्रलला राहते. तेवढं वहिनींनाही सांगायचं, की आवाज येईल, येऊ द्या.