आमची वाटचाल : सुतळीच्या दुकानातून उजनीच्या पाण्यावर

पुण्यातल्या बहुतेक दुकानांचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. आम्ही गळाने मासे धरायचं सामान विकतो आणि उजनी धरणावर त्याच्या सहली काढतो, म्हणून आमचं महाशिवरात्रीभोवती. थंडी ओसरून उजनीचं पाणी उतरायला लागलं की आमचा गल्ला हलतो, आणि रंगपंचमीनंतर ऊन तापलं की पुन्हा गप्प होतो. मधले काही आठवडे हेच आमचं पीक.

दुकान मूळ सासऱ्यांचं. रविवार पेठेत, बोहरी आळीपासून जवळ. दोरखंड, सुतळी, ताडपत्री, गोणपाट असा माल. मागच्या फळीवर भोई गिऱ्हाइकांसाठी जाळ्याचा दोरा, तंगूस (गळाला बांधायचा नायलॉनचा दोर), शिसं आणि नॉर्वेच्या मुस्टाड कंपनीचे गळ. पुढे दोरखंडाचा धंदा बसत गेला. कसा बसला हे पेठेतल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा, तीच कहाणी ऐकायला मिळेल. मागच्या फळीवरचा माल मात्र खपत राहिला. मी हिशेबाला बसायला लागले तेव्हा त्या फळीशी भोयांच्या जोडीला हिंजवडी-मगरपट्ट्यातली मुलं दिसायला लागली होती. परदेशी व्हिडिओ बघून यायची आणि कार्बनचा रॉड, स्पिनिंग रील मागायची. आम्ही ती फळी दर्शनी बाजूला आणली.

रॉड खपले. पण महिन्याभराने तीच मुलं तोंड पाडून परत यायची. मासा लागत नाही, यापेक्षा भारी रील दाखवा. भारी रील विकणं सोपं होतं, आणि काही काळ आम्ही तेच केलं. मग भिगवणकडचे एक नावाडी, सासऱ्यांच्या वेळेपासून दोरा नेणारे, काउंटरवर टेकून म्हणाले, "ताई, काठ्या झकास आहेत तुमच्या. पण ही पोरं पहाटे पाचला येऊन काठावर कुडकुडतात. माघात मासा दहाला उठतो." त्यांना आम्ही तात्या म्हणतो. आज आमचा जो काही व्यवसाय आहे, तो तात्यांच्या त्या वाक्यावर उभा आहे.

त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. माशाच्या अंगाची ऊब पाण्याइतकीच असते. रात्री गारठलेल्या पाण्यात त्याचं पचन मंदावतं आणि खाण्याची ओढ कमी होते. फेब्रुवारीत पुण्याकडे दुपारी ऊन चांगलं लागतं, पण रात्री अजून थंड असतात. अशा वेळी आधी तापतात त्या उथळ खाड्या, त्यातही काळ्या गाळाच्या, कारण काळा तळ ऊन पटकन शोषतो. दुपारी वारा सुटला की वरचं कोमट पाणी ज्या काठाकडे ढकललं जातं, तिकडे मासा सरकतो. वारा तोंडावर घेऊन बसायला कंटाळा येतो खरा, पण गळ तिथेच पडायला हवा. पावसाळ्यातला हिशेब वेगळा आणि मे महिन्यातला आणखी वेगळा. तेव्हा पहाट आणि संध्याकाळच खरी.

शिवाय उजनी म्हणजे तळं नव्हे. १९८० साली पुरं झालेलं भीमेवरचं हे धरण, एकूण साठा ११७ टीएमसीच्या घरात आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. कालव्याला आवर्तन सुटलं की काठ मागे जातो; गेल्या आठवड्यातली जागा या आठवड्यात चिखल झालेली असते. पळसदेवचं बुडालेलं देऊळ किती उघडं पडलंय यावरून नावाडी पाण्याचा अंदाज घेतात. मोबाइलवरचा टक्केवारीचा आकडा मी बघते, पण देवळावर माझा जास्त विश्वास.

तर आम्ही सामानाबरोबर दिवस विकायला लागलो. पुण्याहून सकाळी निवांत निघायचं, शंभरेक किलोमीटरवर भिगवण, पुढे तात्या आणि त्यांच्या भावकीतल्या परवानाधारकांच्या होड्या. चारा आमचा: शेंगपेंड, तांदळाचा कोंडा, भाजलेलं बेसन, गूळ आणि थोडी बडीशेप. गारव्यात चारा मूठभरच टाकायचा. सुस्त माशाचं पोट चाऱ्यानेच भरलं तर तो गळाकडे कशाला येईल? तंगूस बारीक, गळ लहान. घाऊक चारा टाकून मासा गोळा करायची घाई नव्या लोकांना फार असते, आणि ती मोडायला अर्धी दुपार जाते.

या दिवसांत जास्त करून सायप्रिनस (कॉमन कार्प) लागतो. रोहू-कटला अंडी घालायला पावसाची वाट बघतात. सायप्रिनस मात्र हिवाळा सरताना काठच्या पाणवनस्पतींवर अंडी चिकटवायला उथळात येतो. गाबोळीने फुगलेली मादी तात्यांच्या आग्रहाने आम्ही परत सोडायला लावतो. सायप्रिनस मुळात बाहेरचा मासा, त्याचे लाड कशाला, असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं अगदीच चूक नाही. पण उजनीवरच्या घरांची चूल या माशावरही चालते, म्हणून मी तात्यांची बाजू घेते. चिलापी (तिलापिया) मात्र पकडली की पाण्यात परत नाही. जाळी फाडणारा सकर मासा तर नाहीच नाही.

आमचे निम्मे ग्राहक शाकाहारी आहेत, हे ऐकून बाहेरचे लोक हसतात. फोटो काढायचा, मासा सोडायचा, डब्यातली थालीपीठं खायची. हे पुण्यातच व्हावं.

महसीर हवा, असा आग्रह दर हंगामात कुणीतरी धरतो. दख्खनच्या या माशाचं शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३९ साली केलं, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज तिथे काय वाहतं ते बंडगार्डनच्या पुलावर नाक असलेल्या कुणालाही कळतं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महसीरची पैदास होते. आम्ही मात्र महसीरच्या नावाने पैसे घेत नाही. आणि तेच मुळा-मुठेचं पाणी भीमेतून उजनीत येतं, म्हणून 'इथला मासा खावा का?' या प्रश्नाला मी दुकानदारासारखं उत्तर देत नाही. हिरवी साय धरलेल्या खाडीत आम्ही होडी नेत नाही, एवढं सांगते. पुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

वाईट वर्षंही आली. २०२०चा हंगाम टाळेबंदीने शेपटाला कापला. २०२३ला पाऊस कमी झाला, धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं आणि पुढच्या जानेवारीतच साठा उणेत गेला, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली उतरलं. होडी पाण्यापर्यंत नेण्यासाठी इतका गाळ तुडवावा लागायचा की बरीच बुकिंग आम्हीच रद्द केली आणि पैसे परत दिले. त्याच २०२४च्या मे महिन्यात कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळात प्रवाशांची बोट उलटून सहा जण गेले. जीवरक्षक जॅकेट आमच्याकडे आधीपासून सक्तीचं होतं, पण 'गरम होतं हो ताई' ही कुरकुर त्यानंतर बंद झाली. दुपारचा वारा वाढला की होडी काठाला लावायची, हा निर्णय नावाड्याचा. ग्राहकाने कितीही पैसे दिलेले असोत.

मुळशी-पानशेतलाही सहली काढा असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. तिथे आमचा कुणी तात्या नाही, म्हणून सध्या नाही. यंदा दुकानातला एक कोपरा रील दुरुस्तीला दिलाय. ते काम धाकटी जाऊ बघते, आणि तिच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त कमाई आहे. उजनीची बुकिंग सोमवार ते शुक्रवारच घेतो. शनिवार-रविवारी तात्यांच्या होड्या कुंभारगावला फ्लेमिंगो बघणाऱ्यांना घेऊन जातात, त्यांना तिथे भाडं जास्त मिळतं, आणि त्यात आम्ही मध्ये येत नाही.