ओलीचा उगम अखेर सापडला! (आणि बाथरूमची फरशी आणखी उखडायची ठरली)

सापडली एकदाची! अकरा आठवडे आमचा पिच्छा पुरवणारी मधल्या खोलीची ओल कुठून येते, ते गेल्या रविवारी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. ज्यांनी मागच्या नोंदी वाचल्यात त्यांना ती भिंत पाठ असेल: पलीकडे खालचं बाथरूम, अलीकडे लेकीची अभ्यासाची जागा, मध्ये नऊ इंची वीटकाम. पोपडे काढले, लांबी भरली, रंग दिला, काही आठवड्यांत पुन्हा पोपडे. दोनदा हेच झालं.

बाकी घराचं आधी पटकन सांगते. जिन्याचा कठडा आता हलत नाही. खालच्या खांबात आरपार बोल्ट घातला, नुसत्या स्क्रूवर विसंबले नाही. स्वयंपाकघरातल्या तिन्ही ड्रॉवरना नवे रनर बसले, आणि सगळ्यात खालचा जड ड्रॉवर एका बोटाने सरकतो. मी दिवसातून दोनदा तरी उगाच उघडून बघते. वरच्या खोलीच्या खिडक्यांचं काम मात्र थांबलंय, कारण सगळे शनिवार-रविवार या ओलीने खाल्ले.

आता मूळ मुद्दा. गेल्या वेळी मी लिहिलं होतं की ओल जमिनीतून चढते आहे, आणि भिंतीत ओळीने भोकं पाडून ओलरोधक रसायन भरायचं ठरवलंय. तो निष्कर्ष चुकीचा होता. चूक कुठे झाली ते सविस्तर लिहिते, कारण इथल्या दोघांनी त्याच नोंदीवरून तेच रसायन मागवायचं म्हटलं होतं. कृपया थांबा.

चूक झाली ती दोन पिनांच्या मॉइश्चर मीटरमुळे. हे मीटर मुळात लाकडासाठी बनवलेलं असतं. दोन टोकांमधून वीज किती सहज जाते, एवढंच ते मोजतं. भिंतीत खार साचला असेल तर वीज तशीही सहज जाते, आणि मीटर आकडा फुगवून दाखवतं. माझ्या भिंतीवर ते सव्वा मीटर उंचीपर्यंत लाल दिवा दाखवत होतं. प्रत्यक्षात वरचा अर्धा मीटर कोरडा होता, नुसता खारावलेला. तुलना म्हणून मीटर ठीक आहे: त्याच भिंतीवर, त्याच जागी, आठवड्याला एकदा. पण त्याच्या आकड्यावर भिंतीला भोकं पाडू नयेत, असं माझं आता पक्कं मत झालंय.

खरं तर एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. ओल जमिनीतून चढत असती तर त्या भिंतीच्या सगळ्या लांबीत थोडीफार दिसली असती. दाराकडचा भाग मात्र ठणठणीत कोरडा होता.

पहिला खरा धागा सासूबाईंनी दिला. दर रविवारी मी ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून शेजारी तारीख लिहिते, हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही सगळे दहा दिवस बाहेर होतो. परत आल्यावर आई भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आत सरकली." बघते तर शेवटच्या रेघेपासून चांगली दोन बोटं आत. त्या दहा दिवसांत टाकी भरलेली होती, नळाच्या लायनीत पाणी तसंच होतं, फक्त बाथरूम कोणी वापरलं नव्हतं. म्हणजे भिंतीतला पाण्याचा पाइप संशयातून सुटला. तो फुटका असता तर आम्ही घरी असू-नसू, गळतच राहिला असता. तरीही खात्री म्हणून रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवला. सकाळी तोच आकडा.

मग भिंतीवर दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवलं. थेंब आले ते प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडच्या. खोलीतल्या हवेचा दमटपणा असता तर बाहेरच्या बाजूला आले असते. तर पाणी भिंतीतूनच येतंय, आणि ते वापराचं पाणी आहे, इथवर आम्ही पोचलो.

आता संशय सांडपाण्यावर. ड्रेनेज तपासायला बाहेरच्या चेंबरच्या तोंडाशी फुगवायचं बूच लावलं आणि नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं, सांडपाणी पाइपात नेणारं भांडं) जाळीच्या जरा खालपर्यंत भरून ठेवला. (रबरी बूच घेताना व्हॉल्वचे आटे बघून घ्या. माझं पहिलं बूच तासाभरात हवा जाऊन बसलं, ते परत करायला तीन फोन करावे लागले.) बारा तासांनी पाणी जागच्या जागी. ट्रॅप शाबूत, पाइप शाबूत.

उरली फरशी. इथे आठवडाभर वैताग आला. ट्रॅपवर फूटभर रुंदीचं जाड प्लास्टिक टाकून त्याच्या कडा ब्युटाइल टेपने फरशीला चिकटवल्या, उंबऱ्याला सिमेंट-वाळूच्या मालाचा बांध घातला आणि दोन इंच पाणी साठवलं. पाण्याची उंची टाइलवर पेन्सिलने आखली. शेजारी तेवढंच पाणी भरलेला पसरट ट्रे ठेवला, कारण उघडं पाणी वाफ होऊनही कमी होतं आणि ते वजा केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. चोवीस तासांनी ट्रेमध्ये दोन मिलिमीटर कमी, फरशीवरही दोन मिलिमीटर. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा तेच, दोन्हीकडे सारखं. मी तिथेच उकिडवी बसून राहिले. पाइप गळत नाही, ट्रॅप गळत नाही, फरशी गळत नाही, आणि भिंत मात्र ओली!

लेक दारात उभी होती. तिने विचारलं, "आणि ते प्लास्टिकखालचं कोण तपासणार?"

अगदी बरोबर. ट्रॅप तपासला तेव्हा पाणी जाळीच्या खाली होतं. फरशी तपासली तेव्हा ट्रॅपच्या भोवतीचा फूटभर भाग मी स्वतःच झाकला होता. ट्रॅपची कॉलर (त्याची वरची पीव्हीसीची कड) आणि टाइल यांच्यामधला सांधा दोन्ही वेळा चाचणीच्या बाहेर राहिला, आणि आंघोळीचं सगळं पाणी तर त्याच सांध्यावरून जातं.

प्लास्टिक काढलं, बूच या वेळी ट्रॅपच्या गळ्यातच, कॉलरच्या खाली बसवलं आणि पुन्हा पाणी भरलं. चोवीस तासांत ट्रे दोन मिलिमीटर. फरशी तेरा. मी दोनदा मोजलं, नवऱ्याला मोजायला लावलं, मग लेकीला. तेराच!

रविवारी ट्रॅपभोवती चाळीस सेंटिमीटरचा चौकोन उघडला. ग्राइंडरने फक्त सांधे कापले, टाइल काढायला छिन्नी आणि हातोडी. रोटरी हॅमर या कामाला मुळीच वापरू नका. त्याच्या हादऱ्यांनी शेजारच्या टाइलही खालून सुटतात, आणि मग त्या ठोकल्या की बद्द वाजतात. टाइलखालचा माल काळपट आणि गार होता. मुठीत दाबला तर बोटांच्या फटीतून पाणी आलं. कॉलरच्या भोवती, अर्ध्याहून जास्त घेरात, वहीच्या पुठ्ठ्याची कड सहज आत जाईल एवढी फट. नखाने चाचपली तर पीव्हीसी एकदम गुळगुळीत, मालाचा एक कणही त्याला चिकटलेला नाही.

कारण त्यातच आहे. सिमेंट पीव्हीसीला धरत नाही, नुसतं भोवती बसतं. त्यात पीव्हीसी तापल्यावर काँक्रीटच्या पाचेक पट प्रसरण पावतं. रोज गरम पाणी, मग गार, पुन्हा गरम. वर्षानुवर्षं ती कॉलर थोडी फुगते, थोडी आकसते आणि भोवतीच्या मालापासून सुटते. वरून ग्राउट (सांधे भरायचं मिश्रण) घातलेलं असलं तरी ते केसाएवढं तडकतं आणि डोळ्याला दिसतही नाही.

ओल भिंतीवर का चढली, तेही तेव्हाच उलगडलं. मालाच्या थराखाली जुन्या वॉटरप्रूफिंगचा थर आहे आणि तो अजून चांगला आहे. त्यामुळे पाणी खाली मुरलं नाही, त्या थरावर साचून आडवं पसरत भिंतीपाशी गेलं. भिंतीचा गिलावा थेट त्या ओल्या मालात टेकलेला होता. दिव्याच्या वातीसारखं त्याने पाणी वर ओढलं. म्हणूनच ते जमिनीतून चढल्यासारखं दिसत होतं.

ट्रॅप बुधवारी बसवला. कॉलरची बाहेरची बाजू काचकागदाने खरखरीत केली, त्यावर सॉल्व्हंट सिमेंटचा (पीव्हीसी जोडायच्या चिकट द्रवाचा) हात फिरवला आणि ते ओलं असतानाच जाडी वाळू शिंपडली. वाळल्यावर खरखरीत कवच तयार होतं आणि मालाला पकड मिळते. भोवती आक्रसत नाही असं नॉन-श्रिंक ग्राउट. गुरुवारी सकाळी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केली. सगळीकडून भरीव आवाज. या आवाजासाठी अकरा आठवडे घालवले, तो मी लेकीलाही ऐकवला.

नोंद लिहायला बसले तेव्हा बेत असा होता: या चौकोनात पाणी अडवणाऱ्या, दोन घटकांच्या पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात द्यायचे, पहिला उभा, दुसरा त्याला आडवा, कॉलरवर फायबर जाळी दाबून, जुन्या थरावर चार इंच चढवून जोड द्यायचा, टाइल परत लावायच्या आणि संपवायचं. काल कोटिंगची पिशवी उघडली तर पावडरीत गुठळ्या. उत्पादनाची तारीख बघितली, मुदत उलटून गेलेली. पुरवठादाराने बदलून द्यायचं कबूल केलंय, पण काम लांबलं. पिशवी हातात घेतानाच तारीख वाचायची सवय लावून घ्या, सिमेंट असलेली कोणतीही पावडर पडून राहिली की हवेतला दमटपणा ओढते.

पण तो वेळ वाया गेला नाही. रिकाम्या वेळात चौकोनातून भिंतीच्या दिशेने एक टाइल अजून काढली, जुना थर भिंतीपाशी कसा संपतो ते बघायला. तो भिंतीवर वर वळवलेलाच नाही! जमिनीवरून आला आणि गिलाव्याला टेकून थांबला. म्हणजे उद्या कुठलाही दुसरा सांधा सुटला तरी पाणी पुन्हा याच वाटेने भिंतीत जाणार. नुसता चौकोन भरून मला झोप लागणार नाही.

म्हणून बेत बदलला. त्या भिंतीलगतच्या टाइलच्या दोन रांगा पूर्ण काढायच्या, भिंतीवरची खालची एक रांगही. गिलावा जमिनीपासून सुटा करायचा, कोपऱ्यात मालाची गोलसर पट्टी भरायची, म्हणजे कोटिंग काटकोनात तडकत नाही, आणि कोटिंग भिंतीवर एक फूट चढवायचं. अडचण एवढीच की जुन्या टाइल माझ्याकडे चारच शिल्लक आहेत आणि तो नमुना आता मिळत नाही. दोन तास यावर डोकं खाजवलं. हे लिहितानाच सुचलं की जुळवायचा प्रयत्नच कशाला करायचा? भिंतीलगत दोन रांगांच्या जागी गडद राखाडी छोट्या तुकड्यांचा पट्टा केला तर तो मुद्दाम केल्यासारखा दिसेल. शिवाय छोटे तुकडे उताराला चांगले वळतात. मी ८० ला १ उतार धरलाय, दीड मीटरला साधारण १९ मिलिमीटर. आता तिथे उलटा उतार आहे, भिंतीपाशी पाणी रेंगाळतं, तेही त्यात दुरुस्त होईल. कोणी असा पट्टा केला असेल तर तुकड्यांमधले सांधे किती ठेवले ते सांगा. इपॉक्सी ग्राउट वापरणार आहे, सिमेंटचं नाही.

मधल्या खोलीच्या भिंतीला इतक्यात हात लावायचा नाही. विटांची भिंत वाळायला इंचाला महिना असा ढोबळ हिशेब आहे. पोपडे आणि सुटलेला गिलावा काढून विटा उघड्या ठेवल्यात. वर येणारा खार रोज कोरड्या ब्रशने झाडून ताटलीत गोळा करते. ओल्या फडक्याने पुसायचा नाही, विरघळून परत आत जातो. लेकीचं टेबल सध्या खिडकीपाशी हलवलंय आणि तिची त्याबद्दल काहीही तक्रार नाही.

आजची रेघ नुकतीच मारली. मागच्या रविवारपासून एक बोट आत. नवी पिशवी मंगळवारी येणार आहे, कोटिंगचे दोन्ही हात झाले आणि तीन दिवस वाळलं की पुन्हा ट्रे, पुन्हा पाणी, या वेळी काहीही न झाकता. आकडे इथे टाकते.