नायट्राइट काही उतरेना

"थोडा धीर धरा." नव्या फिशटँकबद्दल कुणालाही काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. धीर माझ्याकडे भरपूर होता, पाण्यात क्षार नव्हते. पण हे कुणी सांगेल तर शपथ!

टाकी दोन फुटी, आत वाळू, हीटर आणि स्पंज फिल्टर. मांडणी एका संध्याकाळी उरकली. दुकानदार म्हणाला होता, "दादा, चोवीस तास पाणी ठेवा, अँटिक्लोर टाका आणि उद्या मासे घेऊन जा." अँटिक्लोरने क्लोरीन जातं, हे खरं. पण माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून जो अमोनिया येतो, तो फस्त करणारे जिवाणू चोवीस तासांत तयार होत नाहीत. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना जीवघेणे. नायट्रेट त्या मानाने गरीब, पाणी बदललं की आटोक्यात राहतं. या दोन्ही गटांचा जम बसायला चार ते सहा आठवडे सहज जातात. तोवर माशांच्या वाटचा अमोनिया आपणच घालायचा.

त्यासाठी लागतं अमोनियम क्लोराइड. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे तेच. पण बाजारातल्या नवसागरात आणखी काय असेल याचा भरवसा नाही, म्हणून मी प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून शुद्ध माल आणला. १०० लिटर पाण्याला सुमारे ०.६ ग्रॅम घातलं की २ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २ मिलीग्रॅम) अमोनिया होतो. घरातला काटा एवढंसं तोलत नाही. त्यापेक्षा १० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवावी आणि १०० लिटरला ६० मिली घालावी. बाटलीवर ठळक नाव लिहा, घरात लहान मुलं असतील तर कुलपात ठेवा.

पहिला टप्पा सुरळीत गेला. पाणी तपासायच्या किटमध्ये अमोनियाच्या टेस्टचा हिरवा रंग फिका होत पिवळ्यावर आला आणि मला वाटलं, जिंकलो.

मग नायट्राइट सुरू झालं. किटमध्ये शून्याला आकाशी रंग, सर्वात जास्तीला जांभळा. माझी नळी पहिल्या थेंबाला जांभळी. दुसऱ्या दिवशी जांभळी. पुढच्या आठवड्यात जांभळी. घरी येणारा प्रत्येक जण रिकाम्या टाकीत डोकावून "मासे कुठायत?" विचारायचा आणि मी नायट्रोजन चक्र समजावायला लागलो की चहाकडे वळायचा.

या टप्प्यावरचा हिशोब आधी कळला असता तर माझा निम्मा संताप वाचला असता. १ पीपीएम अमोनियाचं २.७ पीपीएम नायट्राइट होतं. म्हणजे २ पीपीएमच्या एका डोसमागे पाचाच्या वर, आणि किटचा तक्ता संपतो पाचावर! जांभळं म्हणजे सहा की साठ, हे नळी सांगतच नाही. उपाय साधा: टाकीतलं १ मिली पाणी आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते ४ मिली डिस्टिल्ड वॉटर एकत्र करून टेस्ट करा, आकड्याला पाचाने गुणा. तेव्हा कुठे नायट्राइट हलतंय की नाही ते दिसतं. माझं ढिम्म होतं.

"धीर धरा." "जिवाणूंची बाटली ओता." "दुसऱ्या गटाला वेळ लागतोच." वेळ लागतो हे खरंच, तो गट सावकाश वाढतो. पण मग एक दिवस अमोनियाही उतरेना. रोज चोवीस तासांत शून्य होणारा अमोनिया अडला, म्हणजे भानगड दुसऱ्या गटापुरती नव्हती. पीएच मोजला. सुरुवातीला सातच्या वर होता, आता सहाला टेकलेला. इतक्या आम्ल पाण्यात हे जिवाणू जवळजवळ काम थांबवतात.

कारण केएच, म्हणजे पाण्यातले कार्बोनेट क्षार. अमोनियाचं नायट्राइट होताना आम्ल सुटतं आणि ते मारण्यात हे क्षार खर्च होतात. २ पीपीएमच्या दर डोसमागे सुमारे १२ पीपीएम. आमच्याकडे पुण्यात खडकवासल्याचं पाणी. साबणाला फेस छान येतो, म्हणजेच क्षार कमी. थोड्याच डोसांत शिल्लक साफ. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांना हा त्रास सहसा होत नाही, उगाच त्यांचं ऐकू नका.

अर्धं पाणी बदललं (नवीन पाण्यालाही अँटिक्लोर हवंच) आणि १०० लिटरला एक सपाट चमचा या हिशोबाने खाण्याचा सोडा विरघळवून घातला. पाणी बदललं की जिवाणू जातात, ही भीती खोटी. ते स्पंजवर आणि वाळूवर चिकटलेले असतात. पीएच वर आला, अमोनिया पुन्हा उतरू लागला आणि काही दिवसांत नळीत चक्क आकाशी रंग! मी घरातल्या सगळ्यांना बोलावून नळी दाखवली. कुणालाही काही वाटलं नाही.

नायट्राइट चढलं की अमोनियाचा डोस निम्मा करा, रोज ओतत बसू नका. किटमधली नायट्रेटच्या टेस्टची दुसरी बाटली वापरण्याआधी जोरात हलवा, नाहीतर आकडा खोटाच कमी येतो.

२ पीपीएम घालून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी तयार. साठलेलं नायट्रेट काढायला मोठं पाणी बदला, पीएच पुन्हा बघा आणि मासे आणा. मी झेब्रा डॅनिओ आणले. आणि हो, स्पंज कधीही नळाखाली धुवू नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा.